गामांची अठरा वर्षे लांबलेली कुस्ती

वडोदऱ्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात सुमारे अडीच फूट उंचीची एक ओबडधोबड शिळा जपून ठेवलेली आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम महंमद ऊर्फ गामा पहिलवान यांनी ती उचलली, अशी नोंद तिच्यावर कोरलेली आहे. तिचे वजन १२०० किलो सांगतात. जमिनीवरून वजन उचलण्याचा आजचा विक्रम ५०० किलोच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर ‘उचलली’ या शब्दाचा अर्थ किती ताणायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. शिळा उलथली असेल, एका बाजूने उभी केली असेल. मात्र पंचविशीच्या आतबाहेरच्या एका मल्लाची कीर्ती त्या काळी एवढी पसरली होती की, त्याने हात लावलेला दगडही लोकांना जपून ठेवावासा वाटला, एवढे त्यावरून निश्चित कळते. गामा खरे कसे लढत, हे मात्र त्या दगडावरून कळत नाही.

गामांचा जन्म १८७८ मध्ये अमृतसरच्या परिसरातील एका काश्मिरी मुसलमान मल्लघराण्यात झाला, असे सामान्यतः मानले जाते. वडील अझीझ बक्ष हे ग्वाल्हेरपासून जवळच असलेल्या दतिया संस्थानच्या आश्रयाला असलेले नामांकित मल्ल. गामा सहा वर्षांचे असताना ते वारले. पुढे आजोबांनी आणि त्यांच्यामागून मामांनी या मुलाला तालमीत घातले. १८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा भरविली. देशभरातून चारशेंहून अधिक मल्ल जमले होते आणि त्यांत हा दहा वर्षांचा पोरही उभा राहिला. एकेक जण थकून बाजूला होत अखेरीस पंधरा जण उरले, तरी हा उभाच होता. त्याचे वय पाहून महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. त्यानंतर कित्येक दिवस पोराला अंथरुणातून उठता आले नाही. दतियाच्या महाराजांनी त्याच्या खुराकाची आणि मेहनतीची जबाबदारी घेतली आणि गामा दरबारी मल्ल झाले.

संस्थानी कुस्तीचे जग आज समजावून सांगावे लागते. दतिया, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, कोल्हापूर, पतियाळा या दरबारांत मल्ल पाळणे हा शौक होता, तशीच ती प्रतिष्ठेची बाबही होती. दुधातुपाचा खर्च राजाचा, विजयाचा मानही राजाचा. मल्लाचे शरीर हे एका अर्थी दरबाराची मालमत्ताच असे. गामांच्या रोजच्या हजारो दंडबैठकांचे आणि चाळीस-चाळीस जोडीदारांशी होणाऱ्या लढतींचे आकडे या जगातूनच बाहेर पडले. ते वाढवून सांगितलेले असणार, हे उघड आहे. पण त्यांचा रोख चुकीचा नव्हता. गामांची खरी ताकद दमसासात होती.

उंचीने ते जेमतेम पाच फूट सात इंच, वजन सुमारे दोनशे पौंड. उंच प्रतिस्पर्ध्याशी खडाखडी करीत, मानेवर हात टाकून ताकद अजमावीत बसणे त्यांना परवडणारे नव्हते आणि त्यांचा तो स्वभावही नव्हता. सलामी झाली की प्रतिस्पर्धी सावरण्याच्या आत त्याच्या अंगात शिरायचे, त्याला खाली आणायचे आणि त्याने कूस बदलण्यापूर्वी पाठ लावायची, ही त्यांची रीत होती. डावांचा पसारा मांडण्यापेक्षा वेगावर त्यांचा भर असे. त्यांच्या गाजलेल्या कुस्त्यांपैकी बहुतेक मिनिटांतच आटोपल्या, त्याचे कारण हेच.

या रीतीला बराच काळ दाद न देणारा एकच मल्ल होता. गुजराणवाल्याचे रहीम बक्ष सुलतानीवाला वयाने गामांपेक्षा बरेच मोठे आणि उंचीने जवळजवळ सात फूट, अशी त्यांची ख्याती. तरुण गामांची आणि त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली. पुढेही ते अनेकदा भिडले आणि निकाल लागेना. या बरोबरीनेच गामांचे नाव हिंदुस्थानभर झाले, हे विशेष.

१९१० मध्ये गामा आणि त्यांचे धाकटे बंधू इमाम बक्ष इंग्लंडला गेले. बंगालमधील एका धनिकाने खर्च उचलला आणि व्यवस्था बेंजामिन नावाच्या इंग्रज व्यवस्थापकाने पाहिली. उंची कमी म्हणून गामांना स्पर्धेत प्रवेशच नाकारण्यात आला. मग व्यवस्थापकाने आव्हान जाहीर केले: कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन मल्ल गामा अर्ध्या तासात चीत करतील. लोकांना ती थाप वाटली. शेवटी अमेरिकेचे बेंजामिन रोलर पुढे आले. पेशाने डॉक्टर असलेल्या या धिप्पाड मल्लाला गामांनी पहिल्यांदा एक मिनिट चाळीस सेकंदांत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत चीत केले. त्यानंतर स्पर्धेची दारे उघडली.

१० सप्टेंबर १९१० रोजी शेफर्ड्स बुश येथील मैदानात पोलंडचे स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर आले. त्यांचे वजन गामांहून कितीतरी अधिक होते. पैज होती अडीचशे पौंडांची आणि जॉन बुल पट्ट्याची. पहिल्या मिनिटातच गामांनी झिबिस्कोंना खाली आणले. त्यानंतर घडले ते विलक्षणच म्हणायचे. झिबिस्को पालथे झाले आणि हातापायांनी गादी धरून तसेच राहिले. गामा वरून ओढीत होते, उलथवू पाहत होते. झिबिस्को हालायला तयार नव्हते. हा प्रकार दोन तास पस्तीस मिनिटे चालला. अखेर अंधार पडू लागला आणि कुस्ती बरोबरीत सोडविण्यात आली. प्रेक्षक चिडले, वृत्तपत्रांनी टीका केली. आज मिश्र मार्शल आर्टच्या पिंजऱ्यात एखादा लढवय्या असा जमिनीला चिकटून राहिला, तर पंच त्याला सक्रिय होण्याची ताकीद देतो, नाहीतर दोघांनाही उभे करतो. त्या दिवशी लंडनमध्ये तसे करणारे कोणी नव्हते. झिबिस्कोंना पळपुटे म्हणणे सोपे आहे, परंतु मला ते पूर्णतः न्याय्य वाटत नाही. उभे राहिलो तर काय होईल, हे त्यांनी पहिल्याच मिनिटात अचूक ओळखले होते.

निकाली कुस्तीसाठी १७ सप्टेंबर ही तारीख ठरली. त्या दिवशी गामा मैदानात आले. झिबिस्को आलेच नाहीत. पट्टा गामांना मिळाला आणि मायदेशी त्यांचे नाव एखाद्या विजयी सेनापतीसारखे गाजले. पारतंत्र्यातील लोकांना साम्राज्याच्या राजधानीत मिळालेला हा विजय काय वाटला असेल, याची कल्पना करता येते. तथापि पट्टा मिळाला होता तो प्रतिस्पर्ध्याच्या गैरहजेरीमुळे, त्याची पाठ लावून नव्हे. फ्रँक गॉच, जॉर्ज हॅकेनश्मिट या त्या काळच्या पाश्चात्त्य अग्रणींशी तर त्यांची गाठ पडलीच नाही.

परतल्यावर अलाहाबादेत रहीम बक्षांशी अखेरची लढत झाली. गामा जिंकले आणि ‘रुस्तम-ए-हिंद’ ठरले. आपल्याला सर्वांत भारी गेलेला मल्ल कोण, असे पुढे विचारले असता त्यांनी झिबिस्कोंचे नव्हे, रहीम बक्षांचेच नाव घेतले.

लंडनचे अपुरे राहिलेले काम पुरे झाले ते पतियाळात, जानेवारी १९२८ मध्ये, महाराजा भूपिंदरसिंगांच्या पुढाकाराने. मधल्या काळात झिबिस्को अमेरिकेत जागतिक विजेतेपद मिळवून आले होते. दोघेही पन्नाशीला टेकलेले. या वेळी लढत गादीवर नव्हे, मातीत होती. सलामी झाली, गामा आत शिरले आणि एका मिनिटाच्या आत झिबिस्कोंची पाठ मातीला लागली. जमलेला प्रचंड जनसमुदाय अजून बसून स्थिरावतही नव्हता, तोच सारे आटोपले होते. दुसऱ्या वर्षी जेस पीटरसन यांनाही त्यांनी दीड-पावणेदोन मिनिटांत लोळविले. त्यानंतर मात्र जोडच उरला नाही.

या दिग्विजयी मल्लाचे लोकांपुढचे रूप अगदी साधे होते. लंडनची आव्हाने फुशारकीची होती, पण ती व्यवस्थापकाच्या धंद्याची भाषा होती. गामांविषयी ज्या आठवणी सांगितल्या जातात, त्यांत नमाज न चुकविणारा, मितभाषी, वडीलधाऱ्यांपुढे नम्र असा माणूस दिसतो. नामांकित मल्ल जिंकल्यावरही ओरडत नाही, हा तालमीतला जुना दंडक त्यांनी आयुष्यभर पाळला.

त्यांच्या ताकदीची एक कसोटी आखाड्याबाहेर लागली. १९४७ मध्ये ते लाहोरच्या मोहनी रस्त्यावर राहत होते. गल्लीत अनेक हिंदू कुटुंबे होती. दंगेखोरांचा जमाव आला तेव्हा गामा आपल्या शिष्यांसह गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि जमाव परत गेला, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे तेथे राहणे अशक्य झाल्यावर त्या कुटुंबांना त्यांनी स्वखर्चाने शिधा देऊन सरहद्दीपर्यंत सुरक्षित पोहोचविले.

फाळणीने त्यांचे जगच बुडविले. संस्थाने विलीन झाली, पतियाळा सरहद्दीपलीकडे राहिले, खुराक देणारे दरबार उरले नाहीत. दमा आणि हृदयविकाराने ग्रासलेल्या गामांना औषधपाण्याचा खर्चही झेपेना. त्यांची हलाखी कळल्यावर भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी रोख मदत पाठविली आणि दरमहा रक्कम बांधून दिली. पाकिस्तान सरकारनेही उशिराने साहाय्य केले. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर इमाम बक्षांचे पुत्र भोलू आणि त्यांचे भाऊ आखाड्यात नाव कमावू लागले होते. ते मात्र तिकिटे विकून भरविलेल्या दंगलींत लढत होते.