रखडलेले वेतन, पूर्ण झालेला घुमट : ख्रिस्तोफर रेन यांचे १७११ मधील व्यक्तिचित्र

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत थोर इंग्रज वास्तुविशारद सर ख्रिस्तोफर रेन यांचे एक तैलचित्र जतन केलेले आहे. दरबारी चित्रकार सर गॉडफ्रे नेलर यांनी ते १७११ मध्ये रंगविले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे डोक्यावर लांब कुरळ्या केसांचा टोप, हातात कंपास आणि जवळ सेंट पॉल कॅथेड्रलचा आराखडा, असे रेन त्यात दिसतात. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात पोहोचत होते. मुद्रा शांत असली, तरी त्याच वर्षी ते स्वतःच्या थकलेल्या वेतनासाठी दाद मागत होते.

२० ऑक्टोबर १६३२ रोजी विल्टशायरमधील ईस्ट नॉइल येथे जन्मलेले रेन मुळात शास्त्रज्ञ होते. १६६१ पासून ते ऑक्सफर्डमध्ये खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. रॉयल सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. सप्टेंबर १६६६ मधील भीषण आगीत लंडनमधील सुमारे १३ हजार घरे आणि ८७ चर्च भस्मसात झाली, तेव्हा त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. त्यांच्या देखरेखीखाली ५१ चर्च पुन्हा उभी राहिली.

सेंट पॉलची पायाभरणी १६७५ मध्ये झाली. सुमारे १११ मीटर उंचीच्या या वास्तूच्या घुमटात रेन यांच्यातील गणितज्ञाची प्रतिभा दिसते. आतून दिसणारा घुमट वेगळा, बाहेरून दिसणारा शिशाने मढवलेला लाकडी घुमट वेगळा, आणि या दोहोंमध्ये दडलेला विटांचा शंकू शिखरावरील दगडी मनोऱ्याचा भार पेलतो.

काम लांबत गेल्याने पार्लमेंटचा संयम सुटला. १६९७ मध्ये रेन यांचे २०० पाउंडांचे वार्षिक वेतन निम्मे रोखण्यात आले; उरलेली रक्कम बांधकाम पूर्ण झाल्यावरच मिळणार होती. १७०८ मध्ये त्यांच्या पुत्राने शिखरावरील अखेरचा दगड बसविला, तरीही देणे चुकते झाले नाही. अखेर रेन यांनी राणी ॲनकडे अर्ज केला. १७११ मध्ये पार्लमेंटने कॅथेड्रल पूर्ण झाल्याचे जाहीर केले आणि थकबाकी त्यांच्या हाती पडली.

उपेक्षा मात्र संपली नाही. राजवट बदलल्यानंतर १७१८ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांना राजकीय बांधकामांच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. या पदावर त्यांनी जवळपास अर्धशतक सेवा केली होती. २५ फेब्रुवारी १७२३ रोजी त्यांचे निधन झाले. सेंट पॉलच्याच तळघरात एका साध्या शिळेखाली ते विसावले आहेत.

त्यांना पदच्युत करणाऱ्यांची नावे आज फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत. नेलर यांनी चित्रात रेखाटलेल्या आराखड्याची वास्तू मात्र लंडनच्या मध्यभागी तीनशे वर्षांनंतरही उभी आहे.