दुष्काळाच्या कसोटीवर उतरलेले संतत्व : जगद्गुरू संत तुकाराम महाराज

महाराष्ट्र ही संतांची भूमी होय. आष्टीचा परिसरही या परंपरेला पारखा नाही. जालना जिल्ह्यातीलच जांब येथे १६०८ साली समर्थ रामदास स्वामींचा जन्म झाला आणि सर्वसाधारणपणे त्याच वर्षी देहू येथे तुकोबारायांचा जन्म झाला असे मानले जाते. या दोन्ही विभूतींच्या ऐन तारुण्यात महाराष्ट्रावर एक महाभयंकर दुष्काळ कोसळला. तुकाराम महाराजांच्या चरित्राला खरे वळण मिळाले ते याच दुष्काळात.

महाराजांचे घराणे मोरे यांचे. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलभक्ती आणि पंढरीची वारी चालत आलेली. वडील बोल्होबा व आई कनकाई. घरी शेती होती, महाजनकी होती, दुकानदारी व सावकारी होती. थोरले बंधू सावजी वृत्तीने विरक्त असल्याने प्रपंचाचा भार तुकोबांनी लहान वयातच उचलला. पुढे आईवडिलांचे छत्र हरपले, भावजय निवर्तली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. तरीही तुकोबांनी धीर सोडला नाही.

इ. स. १६२९-३० च्या सुमारास पर्जन्याने पाठ फिरवली. दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले. अन्नावाचून माणसे दगावली, गुरेढोरे गेली, गावेच्या गावे ओस पडली. मोगल बादशहा शहाजहान त्या वेळी बुऱ्हाणपूर येथे होता. तेथे, तसेच अहमदाबाद व सुरत या भागांत अन्नछत्रे उघडल्याची नोंद त्याच्या दरबारी इतिहासकाराने केली आहे. परंतु संकट एवढे मोठे होते की राजसत्तेचे साहाय्यही अपुरे पडले.

देहूच्या या सुखवस्तू घरालाही दुष्काळाने सोडले नाही. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, जनांत मान राहिला नाही. प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या आणि पुत्र संतू यानेही देह ठेवला. ज्या घरातून इतरांना धान्य आणि पैसा मिळत असे, त्याच घरात भुकेने मृत्यू शिरला.

अशा प्रसंगी माणसाचा स्वभाव उघडा पडतो. कोणी दुसऱ्याच्या अडचणीतून आपला लाभ शोधतो, कोणी नशिबाला बोल लावीत बसतो. तुकाराम महाराजांनी एकांत धरला, भामनाथाच्या डोंगरावर जाऊन चिंतन केले. धाकटे बंधू कान्होबा त्यांच्या शोधात तेथे पोहोचले व दोघे इंद्रायणीकाठी आले. घरातील कर्जखते आणली गेली. ज्या कुळांकडे येणे होते तीही दुष्काळाने नागवलेलीच होती. महाराजांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांच्या स्वाधीन केला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या संतचरित्रांतून ही कथा घरोघरी पोहोचली.

या प्रसंगात दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, महाराजांनी दान केले ते भरल्या घरातून नव्हे. स्वतः सर्वस्व गमावलेले असताना, हक्काचे येणे त्यांनी सोडले. दुसरी अशी की, बंधूच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आपला त्याग त्यांनी दुसऱ्यावर लादला नाही. मात्र या त्यागाची झळ द्वितीय पत्नी जिजाबाईंना आयुष्यभर सोसावी लागली. ओढगस्तीतही त्यांनी मुलाबाळांचा संसार सांभाळला. महाराजांच्या चरित्रात त्या माउलीचे कष्ट विसरता येणार नाहीत.

पुढे महाराजांनी पूर्वजांच्या मोडकळीस आलेल्या विठ्ठलमंदिराची डागडुजी केली, कीर्तनास आरंभ केला आणि त्यांच्या मुखातून अभंगगंगा वाहू लागली. दुष्काळातील दुःख त्यांनी अभंगांत लपविले नाही. दुःखाने त्यांचे अंतःकरण कठोर न होता अधिक कोमल झाले. म्हणूनच रंजल्यागांजल्यांना जवळ करणे हीच साधुत्वाची खूण, हे त्यांचे सांगणे जनांना पटले. इ. स. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराजांचे वैकुंठगमन झाले. तो दिवस आजही तुकाराम बीज म्हणून साजरा होतो.

मराठवाड्याला अवर्षण नवे नाही. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. खडी फोडून दिवस काढलेल्या पिढीने भाकरीचे मोल जाणले. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्याने पुन्हा तीव्र पाणीटंचाई अनुभवली. पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. परंतु हंडाभर पाणी शेजाऱ्याला देणे, अडलेल्याकडील तगादा थांबवणे आणि पंगतीत पानावर अन्न न टाकणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. देवदर्शनास आलेल्या भाविकांनी प्रसादाबरोबर एवढा बोध घरी न्यावा, हीच जगद्गुरूंच्या चरणी खरी सेवा ठरेल.

॥ शुभं भवतु ॥