मातीतील सोने शोधणारे डॉ. सुब्बाराव

जुलै १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत ऑरिओमायसीन या नव्या प्रतिजैविकाची माहिती प्रथम जाहीर करण्यात आली. शोधनिबंधावर वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांचे नाव होते. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे औषध सापडले, तिच्या संशोधनाची धुरा सांभाळणारे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव त्यावर नव्हते. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव यांचे झोपेतच हृदयविकाराने निधन झाले. त्या वेळी ते ५३ वर्षांचे होते.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे एका गरीब कुटुंबात झाला. अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. पैसा मिळवण्यासाठी ते लहानपणी काशीची वाट धरून घरातून निघून गेले होते. त्यांना परत आणण्यात आले. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे संन्यास घेण्याच्या इच्छेने ते रामकृष्ण मिशनकडे ओढले गेले, मात्र तेथेच त्यांना वैद्यकाचा मार्ग दाखवण्यात आला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी खादीचा डगला घालण्यास प्रारंभ केला. इंग्रज प्राध्यापकांची नाराजी ओढवली आणि पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ दर्जाच्या एल.एम.एस. प्रमाणपत्रावर त्यांना समाधान मानावे लागले.

याच सुमारास स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांच्या भावांचा बळी घेतला. अन्न पचत नाही, रक्त कमी होत जाते आणि रुग्ण खंगत जातो, असे या रोगाचे स्वरूप. त्यावर खात्रीचा उपाय तेव्हा कोणाकडेच नव्हता. सुब्बाराव यांच्या पुढील आयुष्याची दिशा या मृत्यूंनी ठरवली, असे म्हणता येईल. पत्नीला मागे ठेवून ते अमेरिकेला गेले. ते भारतात कधीच परतले नाहीत.

बोस्टन येथे रुग्णालयात हरकाम्याची नोकरी करीत त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण घेतले. सायरस फिस्क यांच्यासमवेत १९२५ मध्ये त्यांनी फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत शोधली, ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. स्नायूंना ऊर्जा पुरवणारे फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी हे पदार्थही त्यांनीच उजेडात आणले. एटीपीचा शोध जर्मनीत लोमान यांनीही १९२९ मध्येच स्वतंत्रपणे लावला होता. इतके होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्लेत गेले.

येथून त्यांच्या कार्यात सूक्ष्मजीवांनी प्रवेश केला. त्याची पार्श्वभूमी मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ मध्ये भारतात आलेल्या इंग्रज डॉक्टर लुसी विल्स यांनी मुंबईच्या गिरणी कामगार वस्तीतील गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता. यीस्ट या सूक्ष्म बुरशीपासून तयार होणारा मारमाइट हा अर्क दिल्यास या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. यीस्टमधील तो गुणकारी घटक कोणता, हे मात्र कळले नव्हते.

तो शोधण्यासाठी तराजू म्हणून वापरले गेले ते जिवाणूच. दुधाचे आंबवण घडवणाऱ्या लॅक्टोबॅसिलस वर्गातील एका जिवाणूला हा घटक मिळाल्याशिवाय वाढता येत नाही. त्यामुळे जिवाणूंची वाढ जितकी अधिक, तितका नमुन्यातील घटक अधिक, असा हिशेब मांडता येत असे. यकृताच्या अर्कातून आणि दुसऱ्या एका जिवाणूच्या किण्वनातूनही लेडर्लेच्या शास्त्रज्ञांनी हा घटक वेगळा केला. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाला. फॉलिक आम्ल या नावाने आज तो सर्वांना परिचित आहे. स्प्रूवर तो गुणकारी ठरला, पण भावांना जाऊन तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता.

फॉलिक आम्लाच्या रेणूत थोडा बदल करून लेडर्लेत अमिनोप्टेरिन तयार करण्यात आले. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ बालकांना दिले. त्यांपैकी १० जणांना काही काळ आराम पडला. १९४८ मधील या निष्कर्षापासून कर्करोगाच्या औषधोपचाराचे नवे पर्व सुरू झाले.

ऑरिओमायसीनची कथा मातीतील आहे. पहिल्या पावसानंतर जमिनीला जो गंध येतो, त्याला कारणीभूत असलेल्या सूक्ष्मजीवांमध्ये स्ट्रेप्टोमायसीस प्रमुख आहेत. ते बुरशीसारखे तंतू पसरवून वाढतात, म्हणून पूर्वी त्यांना बुरशीच समजले जाई. प्रत्यक्षात ते जिवाणू आहेत. जमिनीत अन्नासाठी अखंड स्पर्धा चालते आणि त्यांतील अनेक जण इतर जिवाणूंना मारक ठरणारी द्रव्ये सोडतात. वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये अशाच एका जीवापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले होते. विद्यापीठातून निवृत्त होऊन वयाच्या सत्तरीनंतर लेडर्लेत आलेल्या डग्गर यांनी ठिकठिकाणची माती मागवली. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या १८८८ पासूनच्या प्रयोगक्षेत्रातील गवताच्या एका तुकड्यातून आलेल्या मातीत सोनेरी पिवळे द्रव्य निर्माण करणारा जीव सापडला. त्याला स्ट्रेप्टोमायसीस ऑरिओफेशियन्स, म्हणजे सोने घडवणारा, असे नाव देण्यात आले.

पेनिसिलीन तेव्हा प्रामुख्याने टोचूनच द्यावे लागे आणि अनेक जिवाणूंपुढे ते निष्प्रभ ठरत असे. ऑरिओमायसीन तोंडावाटे घेता येई आणि प्रलापक ज्वरासारख्या रिकेट्सियाजन्य रोगांवरही चाले. टेट्रासायक्लीन गटातील हे पहिले औषध होय. १९९४ मध्ये सुरत येथे प्लेगची साथ आली, तेव्हा याच गटातील कॅप्सूलसाठी औषधांच्या दुकानांवर गर्दी उसळली होती. कोंबड्यांच्या खाद्यात ऑरिओमायसीनचे अवशेष मिसळल्यास त्यांची वाढ वेगाने होते, हेही लेडर्लेतच आढळले. पशुखाद्यात प्रतिजैविके घालण्याची प्रथा त्यातून फोफावली. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या आजच्या संकटात तिचाही वाटा आहे, हे नाकारता येत नाही.

हत्तीरोगावरील डाय-इथिल-कार्बामॅझिन हे औषधही सुब्बाराव यांच्याच कारकिर्दीत, १९४७ मध्ये पुढे आले. भारतातील हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत डीईसीच्या गोळ्या आजही वाटल्या जातात. विशेष म्हणजे, हत्तीरोगाच्या कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्यावाचून कृमी तग धरू शकत नाही, असे पुढे दिसून आले. या जिवाणूंना मारते ते डॉक्सिसायक्लीन, म्हणजे ऑरिओमायसीनच्याच कुळातील औषध.

भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, सुब्बाराव यांचे तिकीट काढले. त्यापूर्वीच, १९५३ मध्ये, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांमध्ये वाढणाऱ्या एका नव्या बुरशीला शास्त्रज्ञांनी सुब्बारोमायसीस असे नाव दिले होते.