मॅग्नस व्होल्क

मॅग्नस व्होल्क (१९ ऑक्टोबर १८५१ – २० मे १९३७) हे इंग्लंडमधील विद्युत अभियंते आणि संशोधक होते. ब्रायटन येथील समुद्रकिनाऱ्यावर १८८३ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी छोटी रेल्वे सुरू केली. आज चालू असलेल्या विद्युत रेल्वेमार्गांमध्ये ती जगातील सर्वांत जुनी मानली जाते.

जन्म व सुरुवातीचे कार्य

व्होल्क यांचा जन्म ब्रायटन येथे झाला. त्यांचे वडील जर्मनीहून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले घड्याळजी होते. शास्त्रीय उपकरणे बनवण्याचे शिक्षण घेत असतानाच वडिलांचे निधन झाले आणि मॅग्नस यांना घरच्या व्यवसायात लक्ष घालावे लागले. घड्याळांच्या सूक्ष्म कामातून लागलेली यंत्रांची आवड पुढे विजेकडे वळली. १८८० मध्ये त्यांनी आपल्या घरात विजेचे दिवे लावले. ब्रायटनमध्ये विजेने उजळलेले ते पहिले घर होय. १८८३ मध्ये रॉयल पॅव्हिलियन या तेथील प्रसिद्ध राजवाड्यात विजेचे दिवे बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले.

किनाऱ्यावरील रेल्वे

पॅव्हिलियनच्या कामासाठी आणलेली यंत्रसामग्री हाताशी असल्याने व्होल्क यांनी नगरपालिकेची परवानगी घेऊन किनाऱ्यालगत रूळ टाकले. ४ ऑगस्ट १८८३ रोजी ही रेल्वे लोकांसाठी खुली झाली. मार्गाची लांबी जेमतेम पाव मैल आणि दोन रुळांमधील अंतर २ फूट होते. दोन अश्वशक्तीच्या गॅस इंजिनावर जनित्र फिरे आणि त्यापासून मिळणारा ५० व्होल्टचा प्रवाह थेट रुळांतून डब्याच्या मोटारीपर्यंत पोहोचे.

पुढच्याच वर्षी मार्ग पूर्वेकडे वाढवण्यात आला, रुळांमधील अंतर सुमारे पावणेतीन फूट करण्यात आले आणि विद्युतदाब १६० व्होल्टपर्यंत नेण्यात आला. मात्र खाऱ्या पाण्याने भिजलेल्या जमिनीतून वीज वाया जात असे. त्यावर उपाय म्हणून १८८६ मध्ये प्रवाहासाठी स्वतंत्र तिसरा रूळ बसवण्यात आला. याच सुमारास व्होल्क यांनी विजेवर चालणारी घोड्याविना गाडी तयार केली आणि तशी एक गाडी तुर्कस्तानच्या सुलतानासाठीही बनवली. तरीही १८८८ मध्ये त्यांच्यावर दिवाळखोरीची वेळ आली. रेल्वे मात्र चालू राहिली.

समुद्रातील रेल्वे

ब्रायटनच्या पूर्वेला उंच कडे असल्याने किनाऱ्यावरून रॉटिंगडीन गावापर्यंत मार्ग नेणे अवघड होते. व्होल्क यांनी रूळ समुद्रातच टाकण्याचे ठरवले. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकावर काँक्रीटचे ठोकळे बसवून त्यांवर रूळ घालण्यात आले. सुमारे २३ फूट उंचीच्या चार पायांवर उभा असलेला, ४५ टन वजनाचा ‘पायोनियर’ हा भव्य डबा भरतीच्या पाण्यातून चालत असे. लोकांनी त्याला ‘डॅडी लाँग-लेग्ज’ असे गमतीचे नाव दिले. हे वाहन समुद्रातून जात असल्याने त्यावर अधिकृत कप्तान, जीवरक्षक नौका आणि तरंगकडी ठेवणे बंधनकारक होते.

२८ नोव्हेंबर १८९६ रोजी ही सेवा सुरू झाली आणि आठवडाभरातच, ४ डिसेंबरच्या रात्री, भीषण वादळाने तिची वाताहत केली. डबा आडवा झाला. जुन्या रेल्वेचीही हानी झाली. व्होल्क यांनी खचून न जाता डबा पुन्हा उभा केला आणि जुलै १८९७ मध्ये सेवा पूर्ववत केली. त्या वर्षी ४४ हजारांहून अधिक लोकांनी तिचा लाभ घेतला. पण भरतीच्या वेळी मोटारींची शक्ती अपुरी पडून डबा अत्यंत संथ चाले. पुढे किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी नगरपालिकेने समुद्रात बांध घालण्यास सुरुवात केली. बांधांना वळसा घालून खोल पाण्यात मार्ग हलवणे खर्चाच्या दृष्टीने शक्य नव्हते. त्यामुळे १९०१ मध्ये ही सेवा कायमची बंद झाली आणि पुढे डबा व रूळ भंगारात गेले.

ज्या बांधांमुळे समुद्रातील रेल्वे संपली, त्यांच्याच आधाराने किनाऱ्यावर गोट्यांचा थर साचत गेला आणि छोट्या रेल्वेला लाटांपासून संरक्षण मिळाले. १९०१ मध्येच तिचा मार्ग ब्लॅक रॉकपर्यंत वाढवण्यात आला.

अखेरचे दिवस व वारसा

७ मे १९३७ रोजी ब्लॅक रॉक येथील नव्या स्थानकाच्या उद्घाटनप्रसंगी ८५ वर्षांचे व्होल्क उपस्थित होते. त्यानंतर तेराच दिवसांनी त्यांचे निधन झाले. ओव्हिंगडीन येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

१९४० मध्ये रेल्वे नगरपालिकेच्या ताब्यात आली. युद्धकाळात बंद पडलेली सेवा १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाली. सुमारे एक मैलाच्या या मार्गावर आजही हंगामात पर्यटकांची ये-जा चालते. ओहोटीच्या वेळी रॉटिंगडीनच्या बाजूला समुद्रातील रेल्वेचे काँक्रीटचे ठोकळे अजूनही दिसतात.