लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : वारसा आणि नवा आशय

मातंग समाजाचे भूषण लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे नाव ठाऊक नसलेला ज्ञातिबांधव विरळाच. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी तत्कालीन सातारा, हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. मूळ नाव तुकाराम. पिता भाऊराव, माता वालुबाई. शाळा त्यांस अवघी दीड दिवस लाभली, असे सांगतात. १९३१ च्या सुमारास हे कुटुंब पायी मुंबईस गेले. तेथे मोलमजुरी व गिरणीकाम करीत अण्णाभाऊ स्वप्रयत्नाने साक्षर झाले. पुढे गावी आप्त बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी कला आत्मसात केली.

१९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. येथेच त्यांची थोरवी दिसून येते. डफ, ढोलकी, तुणतुणे, सोंगाड्याचा विनोद व वग हे सारे त्यांनी राखिले. परंतु गणातील गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमीस व हुतात्म्यांस वंदन आणिले, गौळण वगळली आणि वगात राजाऐवजी शेतकरी, कामगार व सावकार उभे केले. तमाशाचे लोकनाट्य झाले ते असे. ‘माझी मैना’ या छक्कडीत तर विरहाच्या जुन्याच भावनेतून त्यांनी संयुक्त महाराष्ट्राची तळमळ घरोघर पोहोचविली. १९५९ साली ‘फकिरा’ कादंबरी प्रसिद्ध होऊन १९६१ मध्ये तीस राज्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत, दारिद्र्यातच, त्यांचे देहावसान झाले.

आपल्या नागपूर-विदर्भात डफडे व सनई पिढ्यान्‌पिढ्या समाजाकडे चालत आली. ती जपावीत की टाकावीत, हा वाद घरोघरी निघतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक बांधवांनी गावकीचे वाजविणे सोडले. त्यामागील स्वाभिमान वंदनीयच होय. तथापि हीनता वाद्यात नव्हती. हुकूम होताच दाराबाहेर उभे राहून भाकरतुकड्यासाठी वाजवावे लागे, त्या रीतीत ती होती. अण्णाभाऊंनी रीत मोडिली, वाद्य मोडिले नाही. आपल्या तरुणांनी प्रथम विद्या घ्यावी. ज्यांना कलेची आवड आहे त्यांनी रीतसर मोबदला ठरवून, मानाने, व्यासपीठावर वाजवावे. आणि वडीलधाऱ्यांपाशी असलेल्या चाली वेळीच शिकून घ्याव्यात, हीच त्या थोर शाहिरास खरी आदरांजली ठरेल.