हाडांची राख आणि अडुळशाचा पाक

ओपीडीत हा प्रसंग आठवड्यातून दोन-तीनदा तरी घडतो. सरकारी खिडकीवर मिळालेली गोळ्यांची पुडी घेऊन एखाद्या आजी परत येतात, ती माझ्या टेबलावर ठेवतात आणि बाहेरचे चांगले औषध लिहून द्या म्हणतात. औषध तेच, मात्रा तीच. फरक असतो तो वेष्टनाचा आणि किमतीचा. अशा वेळी मला आचार्य प्रफुल्लचंद्र राय आठवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनाही हाच अनुभव आला. पण तेव्हा इथले औषध नाकारणारे रुग्ण नव्हते, औषध विक्रेते आणि डॉक्टर होते.

राय यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा, आज बांगलादेशात असलेल्या राडुली गावातला. कलकत्त्याला शाळेत असताना तेरा वर्षांच्या या मुलाला आमांशाने गाठले. दुखणे इतके चिवट की शाळा सुटली आणि दोन वर्षे घरीच गेली. त्या काळात त्यांनी वडिलांच्या संग्रहातली पुस्तके वाचून काढली. पचन मात्र कायमचे नाजूक झाले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी मोजके जेवण आणि काटेकोर दिनक्रमावर काढले, आणि ते ८२ वर्षे जगले.

शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले आणि १८८७ मध्ये रसायनशास्त्रात डी.एस्सी. झाले. परत आल्यावर वर्षभर नोकरी नव्हती. अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात २५० रुपये पगाराची, तीही हंगामी जागा मिळाली. तोवर एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली होती. आपल्याकडची जनावरांची हाडे जहाजे भरून परदेशी जातात, रानात औषधी झाडे वाढतात, आणि आपण मात्र औषधाची बाटली विलायतेहून मागवतो. शिकलेली मुले कारकुनीच्या मागे धावतात. त्यांना काम मिळायचे तर कारखाने हवेत.

१८९२ मध्ये जेमतेम ७०० रुपयांच्या भांडवलावर, ९१ अप्पर सर्क्युलर रोडवरच्या राहत्या घरात त्यांनी सुरुवात केली. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल करून पाहिले; ते परवडेना. मग ते वळले हाडांकडे. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. ते जाळून राख करायची, तिच्यावर गंधकाम्लाची क्रिया केली की सुपरफॉस्फेट हे खत मिळते आणि पुढे सोड्याची जोड दिली की सोडियम फॉस्फेट हे औषधी लवण.

कागदावर हे सोपे होते. राय यांनी खाटकांकडून ओली हाडे आणून घराच्या गच्चीवर वाळत घातली आणि नेमका अवकाळी पाऊस लागला. हाडांना चिकटलेले मांस सडले, अळ्या पडल्या, कावळे जमले आणि हाडे उचलून शेजाऱ्यांच्या घरांवर टाकू लागले. सोवळ्यातले शेजारी खवळले. महापालिकेकडे तक्रारीची धमकी आली. मग सारा माल माणिकतल्ल्याच्या बाजूला एका मोकळ्या जागी हलवून तिथे रात्री भट्टी पेटवली, तर ज्वाळा पाहून पोलीस हजर. त्यांना वाटले, कुणी खून पचवायला प्रेत जाळतो आहे. लोखंडी सळईने भट्टीतली जनावरांची हाडे उकरून दाखवली तेव्हा सुटका झाली.

राय कॉलेज सुटले की घरी येऊन कामाला लागत. औषधे बनली, पण घेणार कोण? विक्रेत्यांना विलायती लेबल हवे होते. इथे मदतीला आले डॉ. अमूल्यचरण बोस. या तरुण डॉक्टरने दुहेरी काम केले. राय यांची औषधे इतर डॉक्टरांना वापरून पाहायला लावली, आणि वैद्यांच्या वापरातल्या वनस्पतींकडे राय यांचे लक्ष वेधले. त्यातून अडुळशाचा पाक, ओव्याचा अर्क, कुड्याचे सत्त्व आणि कालमेघाचे सत्त्व ही औषधे तयार झाली. कालमेघ म्हणजे आपल्या कोकणातला किराईत. कुड्याची साल आमांशावर वापरतात. ज्या रोगाने राय यांची शाळा सोडवली, त्याच रोगावरचे हे औषध. कलकत्त्यात भरलेल्या इंडियन मेडिकल काँग्रेसमध्ये ही औषधे मांडली गेली, तेव्हा डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले.

काढा आपल्या घरोघरी होता. राय यांनी त्यात नवे काय केले? प्रत्येक बाटलीत औषधाचे प्रमाण सारखे राहील, अशी त्यांनी ती बनवली. डॉक्टरला मात्रा लिहायची तर हे हवेच.

याची किंमत मोठी होती. मदतीला आलेला तरुण रसायनतज्ज्ञ सतीशचंद्र सिन्हा हायड्रोसायनिक आम्लाच्या अपघाती विषबाधेने दगावला. मुंबई-पुण्यात थैमान घालणारा प्लेग १८९८ मध्ये कलकत्त्यात पोहोचला आणि त्याने अमूल्यचरणांना नेले. राय यांनी काम सोडले नाही. १९०१ मध्ये बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स ही मर्यादित कंपनी उभी राहिली. ती आज सरकारी मालकीची आहे.

त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात त्यांचे शेजारी होते. पाहुणे म्हणून आलेल्या गांधीजींना त्यांनी राय यांची ओळख करून दिली ती अशी, की आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःला ठेवून बाकी सारे लोकांच्या कामी देणारा हा अविवाहित प्राध्यापक. साठी उलटल्यावर तर राय यांनी विद्यापीठाचा पूर्ण पगार विद्यापीठालाच दिला. सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत ते राहत. तिथेच १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरून पुढे शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवले. आज कफाच्या कितीतरी औषधांत ते असते. याचा अर्थ झाडपाला उकळून प्यावा असा नव्हे. किती, कोणाला, किती दिवस हे ठरल्याशिवाय वनस्पती औषध होत नाही. जुलाब लागले तर आधी मीठ-साखरेचे पाणी द्यावे, रक्त पडत असेल तर दवाखाना गाठावा.

आणि पुडी परत करणाऱ्या आजींना मी आता पाकीट उलटे करून दाखवतो. औषधाचे नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख, या तीन गोष्टी नातवाकडून वाचून घ्या म्हणतो. किंमत त्यानंतर बघायची.