नांगर धरणारा प्राध्यापक : सॅम हिगिनबॉटम

भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन हे उत्पादनाचे चार घटक आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. परीक्षेत त्यांच्या व्याख्या लिहिल्या की गुण मिळतात. पण व्याख्येतली भूमी आणि पायाखालची जमीन यांची गाठ क्वचितच पडते. माझ्या वर्गातील बरीच मुले शेतकऱ्यांच्या घरची आहेत. मीही त्यांतलाच. आमच्या घरी भात, ऊस आणि थोडा भाजीपाला होतो. शिकून पुढे काय करणार, असे कुणी विचारले तर आम्ही बँक सांगतो, सरकारी नोकरी सांगतो, कुणी पुणे-बंगलोर सांगतो. शेती मात्र कुणीच सांगत नाही. ते सांगायला आम्हांला लाज वाटते, हे खरे आहे. म्हणूनच ज्याने अर्थशास्त्राची प्राध्यापकी बाजूला ठेवून वयाच्या पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन शेतीचे शिक्षण घेतले, त्या सॅम हिगिनबॉटम यांची ओळख आपल्या अंकातून करून द्यावी, असे मला वाटले.

हिगिनबॉटम यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७४ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. बालपण वेल्समध्ये गेले. घरची परिस्थिती बेताची होती. १८९४ साली ते अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन या शाळेत दाखल झाले. प्रसिद्ध धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांनी गरीब तरुणांसाठी काढलेली ही शाळा. येथे प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासाबरोबर अंगमेहनतीचे काम करावेच लागे. पुस्तक आणि कष्ट यांची सांगड घालण्याचा जो आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला, त्याचे बीज इथेच रुजले असावे. पुढे ॲमहर्स्ट आणि प्रिन्स्टन येथे शिक्षण घेऊन १९०३ साली ते पदवीधर झाले. त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते हिंदुस्थानात आले. १९०४ साली एथेलिंड कोडी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

खेड्यापाड्यांतील दलित वस्त्यांत जाऊन धर्मप्रसार करावा, या हेतूने ते आले होते. परंतु मिशनने त्यांना अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या, ख्रिश्चन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लावले. शिवाय यमुनेच्या पलीकडे नैनी येथे कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रम होता, त्याची देखरेखही त्यांच्याकडे आली. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात कुष्ठरोग्यांची सेवा, असा त्यांचा संसार सुरू झाला. या सेवेत एथेलिंडबाईंचा वाटा मोठा होता.

वर्गात मात्र त्यांचे मन रमेना. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके विलायतेत लिहिलेली. त्यांतील गिरण्या, मजुरी आणि बाजारपेठा यांचा समोर बसलेल्या मुलांच्या जगण्याशी संबंध नव्हता. तेव्हा ते मुलांना घेऊन आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. शेतकरी काय पेरतो, किती पिकवतो, सावकाराला किती देतो आणि पोटाला किती उरते, हे ते पाहू लागले. तिथे त्यांना जे दिसले ते आपल्या हिशेबाच्या भाषेत सांगता येईल. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या जात होत्या. पावसाचे पाणी वरची सुपीक माती नदीत नेत होते. उन्हाळ्यात गुरे वैरणीवाचून झुरत होती. दरवर्षी जमिनीतून काढले जाई, परत काहीच दिले जात नसे. ज्या पेढीचा मालक नफ्याऐवजी भांडवलच खातो, तिचे जे होते तेच या जमिनीचे होत होते. शेतकरी मूर्ख म्हणून हे करीत होता असे नव्हे. जळणाला दुसरे लाकूड नव्हते आणि बांध घालायला हाती पैसा नव्हता.

येथे हिगिनबॉटम यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. खेड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले होते ते बहुतेक भूमिहीन आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतले, अर्धपोटी राहणारे. रिकाम्या पोटाच्या माणसाला आत्म्याच्या उद्धाराचे प्रवचन देऊन आपण कोणता धर्म पाळतो? मिशनमधील अनेकांना मात्र हा विचार पटेना. मिशनऱ्याने देवाचे वचन सांगावे. शेणखत आणि नांगर हे त्याचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हिगिनबॉटम यांचे उत्तर असे, की माती ही देवाचीच ठेव आहे. ती राखणे ही भक्ती आहे आणि भुकेल्याला पिकवायला शिकवणे हेच शुभवर्तमान आहे. १९२१ साली त्यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच शुभवर्तमान आणि नांगर हे दोन शब्द त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आहेत.

पण शेती शिकवायची तर ती आधी स्वतःला यायला हवी. १९०९ साली ते अमेरिकेला परतले आणि ओहायो स्टेट विद्यापीठात शेतीच्या पदवीसाठी विद्यार्थी म्हणून बसले. ज्याने इतकी वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, तो आता स्वतः उत्तरपत्रिका लिहू लागला! १९११ साली पदवी मिळाली. त्याच काळात गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी सुमारे ३०,००० डॉलर जमवले आणि त्या पैशांतून नैनीला यमुनाकाठी २७५ एकर जमीन घेतली. अलाहाबाद कृषी संस्थेचे स्थापनावर्ष १९१० मानले जाते.

आपल्या भागातील वाचकांना हे वर्ष ओळखीचे वाटेल. बेळगावात सायकलींचे दुकान चालवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना त्यांना आपला नांगर विकायचा होता. एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन माणसे नांगराचाच विचार करीत होती. एकाने कारखाना काढला, दुसऱ्याने शाळा.

नैनीची जमीन पाहून कुणीही डोक्याला हात लावला असता. घळींनी फाटलेली, कस गेलेली, आणि कांस नावाच्या खोल मुळांच्या गवताने व्यापलेली. आपल्याकडच्या हरळी-कुंद्यासारखेच ते चिवट असते. वाईट जमीन हाती आली ही अडचण खरी, पण शेतकऱ्याच्या वाट्याला जी येते तशीच ती होती. हिगिनबॉटम यांनी भर उन्हाळ्यात खोल नांगरट करून कांसाची मुळे उन्हात वाळवली. घळींना आडवे बांध घातले, तेव्हा वाहून जाणारी माती बांधामागे साठू लागली. ताग पेरून तो जमिनीतच गाडला. सोनखताचे चर काढले. हिरवी वैरण खड्ड्यांत दाबून मुरघास केला, म्हणजे उन्हाळ्यातही गाईला ओला चारा मिळे. यांतले बरेचसे काम कुदळ, फावडे आणि बैलजोडी यांनी होणारे होते. आज ज्याला आपण शाश्वत शेती म्हणतो, त्यातील किती गोष्टी यात आल्या ते पाहा.

आणि हे सारे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी करायचे होते. हल्ली आमच्या कॉलेजजीवनात इंटर्नशिप हा शब्द रुळला आहे. नैनीत शेत हाच वर्ग होता. चांगल्या घरच्या, उच्च जातींच्या मुलांना शेणात हात घालायला, गुरांची धार काढायला सांगणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. वहीत लिहिले तेवढे ज्ञान आणि हाताने करणे हे गड्याचे काम, ही समजूत आपल्या रक्तातच आहे. ती मोडायची तर गुरुजींनी आधी बाह्या सरसावल्या पाहिजेत. हिगिनबॉटम यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातही स्वतःपुढे मिशनरी वा प्राध्यापक असे न लावता शेतकरी हाच शब्द लावला. ते पुस्तक १९४९ साली निघाले.

त्यांच्या कामाचा मराठी माणसांच्या राज्याशीही संबंध आला. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले आणि १९१६ ते १९१९ या काळात नैनीचे काम न सोडता त्यांनी ग्वाल्हेरच्या शेती खात्याची सूत्रे सांभाळली. चंबळच्या बाजूला घळींनी शेकडो शेते गिळलेला तो मुलूख. नैनीचा धडा तिथे उपयोगी पडण्यासारखा होता. एका हिंदू राजाने एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या हाती आपले शेती खाते द्यावे, ही गोष्ट दोघांनाही शोभणारी आहे.

गांधीजींशी त्यांचा परिचय होता. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याला त्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्याच्या सल्लागारांत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, सी. व्ही. रामन यांच्याबरोबर हिगिनबॉटम यांचेही नाव होते. या संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हेही ख्रिस्ती आणि व्यवसायाने हिशेबतपासनीस. म्हणजे आम्हा वाणिज्यवाल्यांचे पूर्वजच! सर्वच बाबतींत हिगिनबॉटम यांचे गांधीजींशी जुळत होते असे मात्र नाही. निरुपयोगी गुरांचा भार जमिनीला पेलवत नाही, हे त्यांचे मत अनेकांना रुचण्यासारखे नव्हते.

नैनीत अवजारांवरही काम झाले. १९२१ साली मेसन वॉ हे अभियंते तिथे आले. आपल्याकडची साधी बैलजोडी ओढू शकेल असे हलके नांगर त्यांनी तयार केले आणि एकाचे नाव ‘वाह वाह’, दुसऱ्याचे ‘शाबाश’ असे ठेवले. १९४२ साली या संस्थेत कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला.

चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळून चालत नाही. इंग्रज सरकारशी हिगिनबॉटम यांचे संबंध सलोख्याचे होते आणि कैसर-ए-हिंद पदकही त्यांना मिळाले होते. धर्मप्रसाराचा मूळ हेतू त्यांनी कधी लपवला नाही. त्यामुळे सेवा कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो, हा प्रश्न आपल्या मनात येणारच. मला वाटते, तो प्रश्न विचारावा. पण त्याबरोबर हेही पाहावे, की त्यांनी शिकवलेला बांध घालताना पाण्याने कुणाचा धर्म विचारला नाही. दुसरी उणीव मला अधिक बोचते. शेती शिकलेले पदवीधर शेतावर परत जाण्याऐवजी सरकारी नोकरीकडे वळतात, हे दुखणे त्या काळापासूनचे आहे. नैनीचे विद्यार्थीही त्याला अपवाद नव्हते. पदवी हाती आली की माती हातावरून पुसली जाते. शंभर वर्षांपूर्वीची ती गोष्ट आणि आमच्या वर्गातील गोष्ट यांत फारसा फरक नाही.

१९३९ साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने आपल्या महासभेचे अध्यक्षपद त्यांना दिले. ज्यांच्या नांगराबद्दल एके काळी कुरकुर झाली, त्यांनाच हा सर्वोच्च मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात ते अमेरिकेला परतले. १९५८ साली त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले आणि २०१६ च्या कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील गृहविज्ञानाचे विद्यालय एथेलिंडबाईंच्या नावाने आहे.

मित्रहो, आपण सर्वांनी कॉलेज सोडून नांगर धरावा असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर घरी वडीलच मला हसतील. पण दोन गोष्टी आपल्याला करता येतील. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर भरते, तेव्हा भिंती रंगवण्याबरोबर चार दिवस शेतकऱ्याच्या बांधावर काम करावे. कला आणि विज्ञान शाखेच्या मित्रांबरोबर मराठी आणि कन्नड विभागांनी ते एकत्र करावे. फावड्याला भाषा लागत नाही. आणि आम्हा वाणिज्यवाल्यांनी आपापल्या घरच्या शेतीचा जमाखर्च नीट लिहावा. यंदाच्या खरिपापासून मी तो लिहायला घेतला आहे. बियाणे, खत, डिझेल, मजुरी ही खाती सहज भरली. मग आईची मजुरी लिहायला गेलो. भात लावणीपासून मळणीपर्यंत ती रोज शेतात असते, पण तिच्या नावाचे खाते आजवर कुठल्याच वहीत नव्हते. ते मी उघडले, आणि त्याच्या खाली आणखी एक खाते उघडले : जमिनीला या वर्षी आपण काय परत दिले. त्या पानावर अजून एकच नोंद आहे, तीन गाड्या शेणखत.